तीसपैकी तेवीस

फुकट तपासणी म्हटली की माझं डोकं आधी खिशाकडे जातं, मग रोगाकडे. आमच्या बाळकुमच्या हॉलात स्मरणशक्ती तपासायचं शिबीर लागलं तेव्हा अर्धं गाव रांगेत होतं, आणि मी मनात म्हणत होते, ह्या लोकांना आमच्या डोक्यांची एवढी काळजी कधीपासून? डोळ्यांचं शिबीर लावतात ते चष्मे खपवायला, दातांचं लावतात ते कवळ्या खपवायला. आता डोकी तपासतायत म्हणजे डोक्याचं काहीतरी विकायला आणलेलं असणार. नंतर कळलं की माझा हा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. बाकीचे मात्र इतके चुकले की सांगायची लाज वाटते. तरी सांगते.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण 'हे' आणि 'ते' करत बसले तर कोणाला काही कळायचं नाही, म्हणून सरळ तानाजी म्हणते. वय अडुसष्ट. मिठागरावर वाढलेला आगरी माणूस, पुढे कंपनीत फिटर म्हणून नोकरी केली. मी शेवंती, धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. हळदीपासून नवरी दारात येईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. आमच्या तोंडात असतं. माझ्या सासूच्या तोंडून ते माझ्या तोंडात आलं. शिकवायची रीत एकच, चाल लावायची आणि शंभरदा म्हणायचं.

तानाजीचं विसरणं सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. आधी चाव्या, मग नावं, मग एके दिवशी खाडीवरून घरी यायचा रस्ता. पन्नास वर्षांचा पायाखालचा रस्ता तो. मी त्यांना कोलशेतच्या बाजूला शोधून आणलं आणि शेजारणीला सांगितलं, मित्राकडे बसले होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या वतीने बोलायला लागले. कोणी काही विचारलं की तानाजी माझ्याकडे बघायचे आणि मी उत्तर द्यायचे. लोक म्हणायचे, शेवंतीचं नवऱ्यावर फार प्रेम आहे हो, त्याला बोलूच देत नाही. मी हसायचे. गावात एकदा 'येडा' हा शब्द चिकटला की माणूस मेल्यावरसुद्धा सुटत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

तर त्या रांगेत आमच्या पुढे कमळाबाई होती. पडद्याआड तिला प्रश्न विचारत होते ते मला सगळे ऐकू येत होते. आज वार कोणता, तारीख काय, आपण कोणत्या मजल्यावर आहोत. मग तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, घड्याळ, आणि ते नंतर पुन्हा विचारणार म्हणाले. मग शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात. कमळाबाईच्या आधीच्या माणसालाही हेच विचारलं होतं, आंबा, खुर्ची, घड्याळ. मी तानाजीचा हात धरला, ह्यांना बाथरूमला जायचंय म्हणाले आणि रांगेतून बाहेर पडले. पेपर फुटला होता, आणि फोडणारी मी होते.

मला ठाऊक होतं की हे प्रकरण इथे थांबणार नाही. आमचा एकुलता एक मुलगा सर्वेश डोंबिवलीला कोपरला राहतो. आम्ही रांगेतून परत फिरल्याचं त्याच्या कानावर गेलं आणि त्याने त्याच आठवड्यात ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बापाची वेळ घेतली. शिबीर ज्यांचं, हॉस्पिटलही त्यांचंच. मी नको म्हटलं, भांडले, दोन दिवस फोन उचलला नाही. शेवटी म्हटलं, ठीक आहे. न्यायचंच असेल तर पास करून नेते. एकदा डॉक्टर 'काही झालेलं नाही' म्हणाले की पोराचं तोंड आपोआप बंद होईल.

दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मी त्यांना धवला शिकवला. हळदीच्या चालीवर बसवला होता:

आंबा गो दारान, खुर्ची गो मांडवान,
घड्याल गो नवऱ्याचे हातान.

आणि वजाबाकीसाठी वऱ्हाड आणलं. शंभर वऱ्हाडी आलं, सात निंगून गेलं, ऱ्हायलं गो त्र्याण्णव. मग शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. सकाळी काय खाल्लं ते ज्यांना आठवत नव्हतं त्यांना हे वऱ्हाड चौथ्या दिवशी पाठ झालं. गाणं आत कुठेतरी वेगळ्या जागी राहतं बहुतेक. मला इतका आनंद झाला की मी एकटीच ओट्याशी उभी राहून रडले. मला वाटलं, बघा, काही झालेलं नाही माझ्या माणसाला.

हॉस्पिटलात परीक्षा घ्यायला प्राप्ती नावाची बाई होती. तिने मला आणि सर्वेशला शेजारीच बसू दिलं. वार, तारीख आणि मजला मी लिफ्टमध्ये सांगून ठेवलेलं होतं. शब्द विचारले तेव्हा तानाजी डोळे मिटून हलकेच गुणगुणले आणि तिन्ही बरोबर सांगितले. प्राप्तीला वाटलं, काका मजेत आहेत. एकात एक अडकलेल्या दोन आकृत्या काढायच्या होत्या, त्या काही जमल्या नाहीत, आणि एक वाक्य लिहायचं होतं तेही अर्धं राहिलं. तरी तीसपैकी तेवीस मिळाले. मग घरचे प्रश्न आले. आंघोळ स्वतः करतात का? एकटे बाहेर जातात का? मी सगळ्याला हो म्हटलं. आणि सर्वेशनेही मान हलवली.

तिथे मला पहिला संशय आला. मी खोटं बोलत होते ते मला ठाऊक होतं, पण हा का मान हलवतोय? गेल्याच महिन्यात बापाच्या शर्टाची बटणं ह्याने स्वतः लावून दिली होती.

डॉक्टर प्रियांका चाळिशीच्या आतल्या, बोलायला गोड. मला गोड बोलणाऱ्यांचा भरवसा वाटत नाही. त्या 'काही झालेलं नाही' म्हणतील म्हणून मी टपून बसले होते. त्या म्हणाल्या की तेवीस म्हणजे सुरुवात आहे, आणि सुरुवातीला आलात हे फार छान झालं, कारण आता नवं औषध आलंय ते सुरुवातीच्या लोकांसाठीच आहे. मी सर्वेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा परीक्षेचा निकाल लागल्यासारखा उजळला होता.

पुढचे दोन महिने तपासण्यांत गेले. मेंदूचे फोटो, पाठीतून काढलेलं पाणी, रक्तातून कसली तरी घराण्याची तपासणी. मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. मेंदूत एक चिकट गाळ साठतो, हे औषध तो गाळ काढतं. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून द्यायचं. त्याने गेलेलं परत येत नाही. पुढे जाणं थोडं हळू होतं, दीड वर्षात जेवढं जायचं त्यातलं साधारण पाच-सहा महिन्यांचं जाणं पुढे ढकललं जातं. आणि धोका? तोही त्यांनी लपवला नाही. साधारण पाचातल्या एकाला मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव फोटोत दिसतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, काहींचं डोकं दुखतं, चक्कर येते, आणि अगदी थोड्यांच्या जिवावर बेततं. तानाजीच्या रक्तात जे सापडलं होतं त्याने हा धोका जरा वाढत होता, म्हणून सुरुवातीला पुन्हा पुन्हा फोटो काढत राहायचे. विचार करून सांगा, घाई नाही, असंही त्या म्हणाल्या.

घाई नाही म्हणणाऱ्याला सगळ्यात जास्त घाई असते अशी माझी समजूत. आणि गाळाचं म्हणाल तर आम्ही खाडीकाठची माणसं. रेती उपसायला लोक आले तेव्हा गाळ काढल्याने खाडी मोकळी होईल असंच सांगत होते. खाडी मोकळी झाली आणि काठ सुटले, आमच्या चुलत सासऱ्यांचा बांध एका पावसात गेला. ज्या डोक्यात इतकी वर्षं गाळ बसलाय त्याचे काठ कशाला धरून राहिलेत हे कोणी पाहिलंय?

पण डॉक्टरांपेक्षा माझा संशय पोरावर जास्त होता. बाळकुमच्या घरामागची जागा तानाजीच्या नावावर. चारी बाजूंना टॉवर उठलेत आणि आमच्या दाराशी बिल्डरची माणसं येऊन जातात. बापाची सही चालायची असेल तर बापाचं डोकं शाबूत आहे असा कागद लागतो. हॉस्पिटल तो कागद देईल, औषधाने दीड वर्ष तो कागद खरा ठरेल, तेवढ्यात सही होईल. एकदा हे मनात आलं आणि मग सगळं त्यातच बसायला लागलं. त्याचं ते मान हलवणं बसलं. तो आठवड्यातून तीनदा यायला लागला होता, तेही बसलं. बापाजवळ बसून काहीतरी वहीत लिहायचा आणि मी आले की वही बॅगेत टाकायचा, ते तर चपखल बसलं.

मी त्याला तोंडावर विचारलं नाही. मी नुसतंच म्हटलं, एवढ्या जोखमीचं औषध पाच-सहा महिन्यांसाठी कशाला. तो म्हणाला, "आई, मला ते पाच-सहा महिने हवेत." मी म्हटलं, कशाला हवेत ते मला चांगलं ठाऊक आहे. तो माझ्याकडे बघत राहिला, बहुतेक त्याला वाटलं की मला खरंच ठाऊक आहे.

मी सरळ नाही म्हणू शकले असते. तेवीस खोटे आहेत एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलायचं म्हणजे तानाजी किती पुढे गेलेत ते बोलायचं, आणि ते वाक्य मी अजून स्वतःशीही बोलले नव्हते. म्हणून मी गप्प बसले आणि तारीख ठरली.

पहिल्या सलाईनच्या दिवशी सर्वेश गाडी घेऊन आला. हॉस्पिटलच्या दारात आम्हाला उतरवून तो गाडी लावायला गेला आणि त्याची बॅग माझ्याकडे राहिली. तानाजी भिंतीवरचा टीव्ही बघत होते. मी बॅग उघडली. बिल्डरचे कागद सापडले की तिथल्या तिथे फाडायचे, आणि भर हॉस्पिटलात पोराच्या कानाखाली ओढायची असं ठरवूनच उघडली.

आत वही होती. मी सातवी शिकलेली, पोराचं अक्षर मला वाचता येतं. तारखा घातल्या होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एक-दोन ओळी. "बाबांनी मला चंदू म्हणून हाक मारली." चंदू माझा दीर, तीस वर्षांपूर्वी गेला. "बाबांना चहा गाळता आला नाही. आईने कप काढून घेतला आणि विषय बदलला." "आज बाबांना मी आठवलो. चौथीत माझा हात मोडलेला ते सांगितलं. वीस मिनिटं बोलले." असं पानांमागून पानं. बिल्डरचं नाव कुठेच नव्हतं. आणि मग एका तारखेला लिहिलेलं होतं: "आई बाबांना टेस्टची उत्तरं धवल्यात शिकवतेय. दाराबाहेरून ऐकलं. बोलायचं नाही. वीसच्या वर गेले तर औषध मिळेल."

मी ती ओळ दोनदा वाचली. दोन महिने मी ज्याला चोर समजत होते तो माझीच चोरी झाकत होता. राग आला, लाजही वाटली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त भीती वाटली. मला वाटत होतं की औषधाच्या सुईमागे डॉक्टर आहेत, कंपनी आहे, बिल्डर आहे. त्या सुईमागे आम्ही दोघं मायलेकच होतो.

सर्वेश आला तेव्हा वही माझ्या मांडीवर उघडी होती. त्याने पाहिलं. बोलायला वेळ मिळाला नाही, आत बोलावलं.

डॉक्टर प्रियांकांनी कागद पुढे ठेवले. सही सर्वेशने करायची होती आणि अंगठा किंवा सही तानाजीनेही. त्यांनी खुर्ची तानाजीच्या समोर ओढली आणि त्यांच्याच डोळ्यांत बघून सावकाश विचारलं, "काका, औषधात धोका आहे ते मी सांगितलं. फायदा थोडा आहे तेही सांगितलं. तुम्हाला स्वतःला हे घ्यायचंय का?"

तानाजी वळले आणि माझ्याकडे बघायला लागले.

घाबरून नाही, अडून नाही. अगदी भरवशाने. आता ही सांगेल आणि मी म्हणेन, एवढंच त्या बघण्यात होतं. ह्या प्रश्नाचं उत्तर मी बसवलेलं नव्हतं. आणि मला कळलं की मी 'हो' म्हटलं तर ते हो म्हणतील, 'नाही' म्हटलं तर नाही म्हणतील, आणि डॉक्टर ते खाली लिहून घेतील. त्यांना ही सुई द्यायची की नाही हे विचारायला आत कोणी उरलं होतं का, हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्या दारात उभी राहून कोणाला आत बघूच दिलं नव्हतं.

"त्यांना इचारू नका," मी म्हटलं. "त्यांना ठावं नाय. ते तेवीस माजे हायत. मी पाठ करून घेतलेले. आंघोल मी घालतंय, जेवाला मी घालतंय. ते कईचे एकटे भायेर जात नाय."

सर्वेशने मान खाली घातली आणि म्हणाला, "मलापण माहीत होतं, डॉक्टर."

त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, चूक आमचीही आहे, परीक्षा घेताना तुम्हाला बाहेर बसवायला हवं होतं. मग त्यांनी तेच केलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो, मध्ये ती बॅग. आत नवे शब्द, नवे आकडे. अर्ध्या तासाने बोलावलं. तीसपैकी अकरा.

डॉक्टर म्हणाल्या, आता हे औषध देता येणार नाही. इतकं पुढे गेलेल्या माणसांवर ते तपासलेलंच नाही. धोका आहे तेवढा राहील, कदाचित वाढेल, आणि फायदा होईल की नाही हे कोणालाच माहीत नाही. जुन्या गोळ्या आहेत त्या सुरू करू, दिवसाचा क्रम ठरवून देऊ. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर? त्यांनी क्षणभर कागदांची टोकं जुळवली आणि म्हणाल्या, तेव्हा हे औषध आपल्याकडे मिळतच नव्हतं, काकू. खरं असेल. पण ती टोकं आधीच जुळलेली होती, आणि बाईंना माझी दया आली असेल असं मला वाटलं. ते कोणाला विचारून खात्री करून घ्यायची हिंमत मला अजून झालेली नाही.

परत येताना तानाजी पुढच्या सीटवर होते, मी मागे. माजिवड्याच्या पुलाखाली गाडी बराच वेळ अडकली. सर्वेश समोर बघत म्हणाला, "तू आज बोललीस ते बाबांसाठी बोललीस, की माझी वही वाचून चिडलेलीस म्हणून?"

माझ्या तोंडावर 'बाबांसाठी' आलं होतं. पण आयुष्यभर मी दुसऱ्याच्या प्रत्येक शब्दामागे काय आहे ते शोधत आले, आणि आता स्वतःच्या शब्दामागे बघायची पाळी आल्यावर तिथे काय आहे ते मला दिसेना. कदाचित दोन्ही होतं. कदाचित पोराला हवे असलेले ते पाच-सहा महिने मीच त्याच्या हातातून काढून घेतले. कदाचित तानाजीचा जीव वाचवला. दोन्हीपैकी काय झालं हे आता कधीच कळणार नाही. मी त्याला म्हटलं, "मना नाय ठावं, बाला." त्याने डोळे पुसले ते मला आरशात दिसलं, आणि मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, पण सीट मध्ये होती.

गाडी हलली. बापाला उगाच गप्प बसवून ठेवलंय असं सर्वेशला वाटलं असेल, म्हणून त्याने विचारलं, "बाबा, भूक लागली का?"

सकाळी निघायच्या गडबडीत त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. दुपारचा एक वाजून गेला होता. तानाजींनी प्रश्न ऐकला, थोडा वेळ समोर पाहिलं, आणि मग सीटबेल्टमधून कसेबसे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी ठरवलं की बोलायचं नाही. त्यांची भूक आहे, त्यांनाच सांगू दे. मी खिडकीबाहेर पाहिलं. थोड्या वेळाने परत पाहिलं तर ते तसेच वळलेले होते, मान अवघडली असणार, आणि चेहऱ्यावर तोच भरवसा. दोन वर्षं त्यांची उत्तरं देता देता त्यांची भूकसुद्धा मी माझ्याकडे ठेवून घेतली होती.

"लागलीय त्यांना," मी म्हटलं. सर्वेशने गाडी बाजूला घेतली.